भिंतीपलीकडची कलमं

म्हाताऱ्या बेनिनला मुलगा नव्हता. दोन मुली होत्या, आणि मोंफ्ले गावाच्या वरच्या अंगाला उगवतीकडे तोंड करून पसरलेला द्राक्षमळा होता. थोरली रेन लाझारच्या घरी गेली, धाकटी नानेत आंदोशच्या. मग एके दिवशी म्हाताऱ्यानं मळ्याच्या मधोमध कमरेएवढी दगडी भिंत घातली आणि दोन्ही जावयांना तिच्यापाशी उभं करून सांगितलं, "हा भाग तुझा, हा तुझा. माती एक, ऊन एक, वेल एक. आता कमीजास्त झालं तर ते तुमच्या हातांचं."

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं.

लाझार कामाला वाघ होता. थंडीत बोटं सुजेपर्यंत छाटणी करायचा, पावसानं खाली वाहून आलेली माती पाठीवरच्या टोपलीतून पुन्हा वर नेऊन टाकायचा. आंदोश त्या मानानं सुशेगाद. काम करता करता मध्येच थांबायचा, वेलीकडे बघत उभा राहायचा, शीळ घालायचा. पण बोन शहराहून वाइनचा व्यापारी आला की तो आधी लाझारच्या तळघरात उतरे, पिंपातली वाइन तोंडात घोळवे, मान हलवे आणि पिचकन जमिनीवर थुंके. मग भिंतीपलीकडच्याकडे जाई. तिथं तो थुंकत नसे. गिळत असे.

लाझारनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला वाटलं, योगायोग असेल. दुसऱ्या वर्षी त्यानं मुद्दाम लक्ष ठेवलं. तिसऱ्या वर्षापासून आंदोश ज्या दिवशी तोडणी सुरू करी त्याच दिवशी तोही करू लागला. आंदोशनं द्राक्षं देठांसकट हौदात टाकली की हाही टाकी, त्यानं देठ काढले की हाही काढी. तरी व्यापारी थुंकायचा तो थुंकायचाच.

"तुझी वाइन चांगली आहे, जावईबापू," म्हातारा बेनिन रविवारच्या जेवणाला सगळ्यांदेखत म्हणायचा. "पण तिला पाहुण्यासारखं 'या, बसा' म्हणावं लागतं. आंदोशची कशी, घरच्यासारखी येऊन बसते."

सगळे हसत. रेनही हसे. लाझारचा घास तोंडातच फिरत राही.

साडू तसा वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. पण आंदोश वाटेत भेटला की लांबूनच हाक मारायचा, लाझारचं गाढव अडलं की न सांगता मागून रेटायचा. मत्सराला धरायला कुठंच कड मिळत नव्हती, म्हणून तो आतल्या आत फिरत राहिला.

मग ती कीड आली.

फिलोक्सेरा असं तिचं लांबलचक नाव होतं, पण मोंफ्लेत तिला नुसतं 'ती' म्हणत. मुळांवर बसणारी, मोहरीहून बारीक, पिवळी ऊ. दक्षिणेत तिनं मळेच्या मळे वाळवून टाकले होते. बोर्दोकडचे लोक म्हणे थंडीत मळे पाण्याखाली बुडवून ठेवत होते. मोंफ्लेच्या टेकडीवर पाणी कुठलं! इथं सरकारी माणसं हातभर लांब पिचकाऱ्या घेऊन आली आणि वेलींच्या बुडाशी कसलंसं औषध टोचत फिरली. कुजलेल्या कोबीसारखा त्याचा वास आठवडाभर अंगाला चिकटून राहायचा. त्यानं काही वेली वाचल्या, बऱ्याच मेल्या. तेलाचा डाग कापडावर पसरावा तसा पिवळा डाग टेकडीवर पसरत गेला.

लाझारचा अर्धा मळा दोन उन्हाळ्यांत बसला. आणि खरं सांगायचं तर त्याला पहिलं दुःख झालं नाही. पहिल्यांदा त्यानं भिंतीवरून डोकावून पाहिलं. आंदोशचाही बसला होता. लाझारला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

पण पुढच्या जून महिन्यात, मेलेल्या वेली उपटता उपटता तो मळ्याच्या अगदी वरच्या टोकाला गेला आणि त्याची नजर भिंतीपलीकडे गेली. तिथं आंदोशची अवजारं ठेवायची दगडी खोपी होती. खोपीच्या मागं, खालून कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात, वेली होत्या. हिरव्यागार. पानं तळहाताएवढी, कोंब वर धावत सुटलेले. चहूकडे स्मशान, आणि तेवढ्या कोपऱ्यात लग्नघर.

हातातलं वाळकं खोड त्यानं कधी मोडलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

संध्याकाळी चौकातल्या पाण्याच्या हौदापाशी त्यानं आंदोशला गाठलं. "खोपीमागं बरं दिसतंय तुझं."

आंदोशच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग तो हसला. "तिथं खडक आहे ना खाली. नशीब म्हणायचं."

"नशीब," लाझार म्हणाला. "तुझं बरं असतं नशीब."

घरी आल्यावर तो रेनला म्हणाला, "तुझ्या बहिणीच्या नवऱ्यानं काय जादू केलीय गं?"

रेन सूप ढवळत होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. "तू त्याच्याकडे बघत बसण्यापेक्षा आपल्याकडे बघ की जरा."

"आपल्याकडे बघण्यासारखं काय उरलंय?"

ती ढवळत राहिली. एरवी बोलली असती. गेल्या थंडीत नानेत गरोदर होती म्हणून रेन रोज दुपारी तिच्याकडे मदतीला जायची, ते आता लाझारला आठवलं. नानेतला मुलगा होऊन महिने झाले, तरी तिचं जाणं काही बंद झालं नव्हतं, हेही आठवलं. मनात पाल चुकचुकली ती तिथं.

रविवारी सगळं गाव मिस्साला निघालं, तेव्हा लाझार गालाला हात लावून बसला. "दाढ ठणकतेय," तो म्हणाला. रेननं त्याला लवंग दिली आणि नानेतबरोबर गेली. चर्चची घंटा थांबली तशी लाझारनं टेकडी चढून भिंत ओलांडली. साडूच्या जमिनीवर त्यानं चोरपावलांनी पाय ठेवला तो आयुष्यात पहिल्यांदाच.

खोपीमागच्या वेलींच्या बुडाशी मातीचे उंच ढीग रचलेले होते. तो गुडघ्यांवर बसला आणि हातांनी माती उकरू लागला. चार बोटं खाली गेल्यावर खोडाला गाठ लागली, सुजलेल्या सांध्यासारखी. गाठीच्या वरची साल ओळखीची होती, आपल्या पिनो द्राक्षाची. खालची निराळी होती, काळपट, चिवट, परक्या जातीची. कलम! खाली अमेरिकन खुंट, वर पिनोचा डोळा. त्या अमेरिकन मुळांना ही कीड काही करू शकत नाही, असं दक्षिणेतून आलेली माणसं सांगत. पण तीच मुळं ही कीड घेऊन आली असंही लोक म्हणत, आणि आपल्या भागात त्यांना सरकारची बंदी होती. आंदोशचा एक मावसभाऊ दक्षिणेत मोंपेलियेकडे होता. तिकडे आंदोश आधी दोन हिवाळे जाऊन आला होता.

इथंच लाझार उठून गेला असता तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती. पण मोठ्या वेलींच्या शेजारी यंदाची कोवळी कलमं होती, आणि त्यांच्या सांध्यांवर बांधलेली ताडाच्या पात्याची दोरी अजून कुजली नव्हती. त्यानं एकाची माती बाजूला केली आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला.

दोरीचा फास उलटा होता. डावीकडून घेतलेला, दोनदा वळवलेला, टोक खाली खोचलेलं. घरात लसणाच्या माळा तशाच बांधलेल्या असत. सॉसेजची तोंडं तशीच बांधलेली असत. रेन डावखुरी होती.

त्यानं दुसरं उकरलं. तोच फास. तिसरं. तोच.

म्हणजे सगळा हिवाळाभर त्याची बायको इथं, या खोपीत, आंदोशच्या शेजारी बसून कलमं बांधत होती. तो कापत असेल, ती बांधत असेल. तो शीळ घालत असेल. आणि संध्याकाळी घरी येऊन ती सांगत होती, नानेतचे पाय सुजलेत म्हणून! आंदोशची वाइन, आंदोशचं नशीब, आंदोशची माणसांतली वाहवा, हे सगळं लाझारनं गिळलं होतं. हे मात्र घशाखाली उतरेना.

शनिवारी बोनच्या बाजाराला जाऊन तो किडीच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या समितीच्या कचेरीत गेला. टेबलामागचा माणूस म्हणाला, "नियमानं तुम्ही योग्यच केलंत." लाझारला त्या शब्दाचा आधार वाटला. परतीच्या वाटेवर तो मोठमोठ्यानं म्हणत होता, "नियम म्हणजे नियम." पण गाढवालासुद्धा ते पटलेलं दिसत नव्हतं.

ते आले ते भर सकाळी. दोन अधिकारी, एक पोलीस, कुदळी घेतलेले चार मजूर. अर्धं गाव मागोमाग टेकडी चढलं. आंदोश खोपीच्या दारात उभा होता. त्यानं वाद घातला नाही. मजुरानं पहिली वेल मुळासकट उपटली तेव्हा त्यानं फक्त डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. नानेत तान्ह्या पोराला पोटाशी धरून भिंतीला टेकली होती. घोस नुकते धरलेले होते, हिरवे, मिऱ्यांएवढे. सगळ्याचा ढीग करून वर रॉकेल ओतलं गेलं. ओली वेल लवकर पेटत नाही. धूर बराच वेळ नुसताच जमिनीलगत रांगत राहिला.

म्हातारा बेनिन काठी टेकत आला होता. तो धुराकडे बघत म्हणाला, "पाचशे वर्षांमागं ड्यूकनं हुकूम काढला होता, गामे जातीच्या द्राक्षाची सगळी झाडं उपटून टाका म्हणून. आमचे बापजादे हुकूम ऐकायचे, मान डोलवायचे आणि दोन झाडं परसात लपवायचे. पण लपवलेलं कुणी सांगितलं असं मी ऐकलं नाही बुवा." मग तो वळला. "दाढ कशी आहे, जावईबापू?"

लाझारचा हात आपोआप गालाकडे गेला.

त्या दिवशी घरी रेननं भांडं आपटलं नाही की ती रडलीही नाही. टेबलाशी बसून तिनं विचारलं, "तू माझा फास ओळखलास ना?"

"ओळखला."

"आणि तरी गेलास?"

"तरी नाही. म्हणूनच गेलो." त्याचा आवाज चढला. "माझी बायको माझ्या साडूच्या खोपीत बसते, आणि मला पत्ता नाही! मला का नाही सांगितलंस?"

"त्यातली निम्मी आपली होती, लाझार. येत्या हिवाळ्यात भिंतीच्या अलीकडे लावायची होती. आंदोश म्हणाला होता, लाझारला सांगू. मीच म्हटलं, नको."

"का?"

"कारण त्याचं चांगलं झालेलं तुझ्या डोळ्यांत खुपतं. मला वाटलं, आधी आपली वेल हिरवी होऊ दे, मग सांगू. तेव्हा तुझं पोट दुखणार नाही." ती उठली. "माझाच अंदाज चुकला. मला वाटलं होतं, तुला मळा जास्त प्यारा आहे."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलायची ते कामापुरतं. मीठ दे. दार लाव. पाऊस येतोय.

आणि आंदोश? तो वाटेत भेटला की पहिल्यासारखीच हाक मारायचा. तसूभरही फरक नाही. लाझारला ते आगीसारखं झोंबायचं. या माणसाला माफ करणंसुद्धा आपल्यापेक्षा चांगलं जमतं! मनानंही तोच मोठा ठरणार, आणि तेही लोकांदेखत!

दोन हंगाम गाव वाइनविना गेलं. लोक भिजवलेल्या मनुका आणि साखर आंबवून कसलंतरी लाल पाणी करत आणि ते पिऊन एकमेकांकडे बघायचं टाळत. तरणी माणसं रेल्वेच्या कामावर गेली. बेनिन एका थंडीत झोपेतच गेला. शेवटचे महिनाभर तो मळ्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता.

आणि मग सरकारनं बंदी उठवली. अमेरिकन खुंटावर कलम करा म्हणून आता तेच अधिकारी गावोगाव सांगत फिरू लागले. मोंफ्लेच्या शाळेत कलमाचे वर्ग निघाले. शिकवणार कोण, असं मेयरनं विचारलं तेव्हा कुणी नावही घेतलं नाही. सगळ्यांच्या माना आंदोशकडे वळल्या.

बाकावर लाझार बसला, हातात सुरी आणि काडी घेऊन, शाळकरी पोरासारखा. कापण्याचं आंदोश शिकवायचा, बांधण्याचं रेन. लाझारच्या दोन्ही काड्यांचे काप जुळत नव्हते, मध्ये फट राहायची.

"अंगठा दाबू नकोस," आंदोश मागून म्हणाला आणि त्याचा हात स्वतःच्या हातात घेऊन सुरी फिरवली. "जखम करायचीय, जीव नाही घ्यायचा. हां. अशी एका दमात."

साडूच्या हाताची ऊब लाझारच्या मनगटाला लागली. त्याला हात झटकून टाकावासा वाटला. पण काप सरळ आला होता.

त्यानं त्या हिवाळ्यात केलेली बहुतेक कलमं रोपवाटिकेतच वाळली. आंदोशची आणि रेननं बांधलेली बहुतेक सगळी धरली. पुढच्या वसंतात लाझारचा मळा नांगरून तयार होता आणि लावायला हातात मूठभर रोपं. तेव्हा एका सकाळी आंदोश ओल्या गोणपाटात गुंडाळलेले भारे गाढवावर लादून भिंतीला वळसा घालून आला. त्यानं दोरी ताणली, कारण आता वेली पूर्वीसारख्या दाटीवाटीनं नाही, सरळ ओळींत लावायच्या होत्या. तो खड्डे करू लागला. लाझारही करू लागला. अर्धी ओळ झाली तेव्हा लाझारला राहवलं नाही.

"का देतोयस मला?"

"तुला नाही. रेनला देतोय."

"रेनला!" लाझार ताठ उभा राहिला. "सगळं रेनलाच द्यायचं असतं तुला. खोपीत काय काय दिलंस तेही सांगून टाक की एकदा!"

आंदोशनं कुदळ खाली ठेवली, दोन पावलं पुढं आला आणि लाझारच्या तोंडावर ठोसा हाणला. लाझार मऊ मातीत पाठीवर पडला. नाकातून रक्त आलं. आंदोश त्याच्यावर वाकून उभा होता आणि त्याचा चेहरा लाझारनं कधी न पाहिलेला होता, लालबुंद, वेडावाकडा, कुरूप.

"तुला काय वाटलं, मी माफ केलं तुला?" तो ओरडत होता. "ज्या दिवशी जाळलं ना, त्या दिवशी मी कुदळ घेऊन तुझ्या दारापर्यंत आलो होतो! नानेतनं पोर माझ्या पायांत ठेवलं म्हणून परत फिरलो. रोज तुला हाक मारायचो तेव्हा जीभ चावायचो मी, रोज! तुझी सगळी कलमं वाळली ना, तेव्हा घरी जाऊन मी चांगली बाटली फोडली. ऐकतोयस?"

लाझार ऐकत होता. मातीत पडल्या पडल्या त्याला एकदम हलकं वाटलं, ताप उतरावा तसं. हा माणूस संत नव्हता तर! याच्याही पोटात तेच विष होतं, आपल्याएवढंच. आपल्यापेक्षा थोडं कमीही असेल, पण होतं.

"कुठली बाटली?" त्यानं नाक पुसत विचारलं.

"काय?"

"माझी कलमं वाळली म्हणून कुठली फोडलीस?"

आंदोश गोंधळला. मग म्हणाला, "सासऱ्यांची. भिंत घालायच्या आधीची."

"ती माझ्याकडे एकही नाही," लाझार म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलं.

दुपारी रेन सूपाचं भांडं घेऊन वर आली. एकाचं नाक सुजलेलं, दुसऱ्याची बोटं सोललेली.

"काय झालं?"

"पडलो," लाझार म्हणाला.

"मीपण," आंदोश म्हणाला.

तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "बरं झालं," ती म्हणाली. "फार वर्षं राहून गेलं होतं." मग ती ओळीत वाकून रोपांच्या बुडाशी माती दाबू लागली. त्या संध्याकाळी घरी ती लाझारशी बऱ्याच दिवसांनी हवेपाण्यापलीकडचं काही बोलली. काय बोलली, तर तू खड्डे फार उथळ करतोस.

नव्या वेलींना चौथ्या वर्षी चांगलं फळ आलं. पण एकेकट्याचा हौद भरेल एवढं कुणाचंच नव्हतं, म्हणून दोन्ही घरची द्राक्षं एकाच हौदात टाकायचं रेननं ठरवलं. लाझारनं पुष्कळ हरकती घेतल्या. "मग माझी कुठली नि त्याची कुठली, कळायचं कसं?"

"नाही कळायचं," रेन म्हणाली आणि टोपली उलटी केली.

हौद आंबून फुगला, वर सालींचा जाड थर आला, आणि तो पायांनी खाली दाबायची वेळ झाली. दोघे साडू कपडे उतरवून, आडव्या वाशाला धरून, त्या कोमट जांभळ्या रसात उतरले. वास एवढा उग्र होता की डोकं गरगरत होतं. दोघे शेजारी शेजारी तुडवू लागले. लाझार मध्येच नाक खाली नेऊन हुंगायचा, यातला आपला वास कुठला ते शोधायचा. सापडत नव्हता.

"काय हुंगतोयस?" आंदोशनं विचारलं.

"काही नाही. तुडव तू."

आंदोश शीळ घालत तुडवत राहिला. लाझारनं बाजूला बघितलं. तो ज्या जागी हनुवटीपर्यंत बुडत होता, तिथं आंदोश खुशाल छातीपर्यंतच बुडत होता. म्हणजे साडूचे पायही लांब होते. इतक्या वर्षांत हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, म्हणून लाझारला स्वतःचाच राग आला, आणि तो जोरानं तुडवू लागला.